साहेबाच्या कुशीवरचा काळा डाग

आमची मावशी शिंप्याच्या दुकानात काज-बटण करते. हात सफाईदार, पण जीभ? विचारू नका. एकटी राहते, सोबतीला साहेब नावाचा बोका. अंग पांढरं, कान, पंजे नि शेपूट काळीकुट्ट. तो समोरच्या निवृत्त नर्सबाईंच्या मांडीवर बसला, की मावशीच्या अंगाचा नुसता तिळपापड! एकदा तर जिन्यात उभी राहून तिनं बाईंना नाही नाही ते ऐकवलं. तेव्हापासून बोलणं बंद.

साहेबाच्या कुशीत गाठ झाली, म्हणून ऑपरेशनसाठी तिथले केस भादरले. डॉक्टर म्हणाले, "याच्या अंगात रंग तयार करणारं एक एन्झाइम आहे. ते थंडीतच काम करतं, उबेत बंद पडतं. कान-पंजे गार राहतात म्हणून काळे. आता याला उबेत झोपवा, नाहीतर कुशीवरही काळे केस येतील."

मावशीनं रात्रभर बसून गोधडी शिवली. पण साहेब टाके निघताच नर्सबाईंकडे जायला दाराशी नखं घासायला लागला. झालं, मावशी पेटली! "जा, मर तिच्याच गादीत!" म्हणून रोज झोपायच्या वेळी त्याला बाहेर काढून कडी लावायची, आणि मग उशीत तोंड खुपसून रडायची. हेवा असा, की सांगायची सोय नाही.

केस आले ते काळे. डॉक्टर म्हणाले, "हा गारठ्यात झोपतोय." मावशीच्या डोळ्यांत पाणी, पण बाई त्याला उबेत घेत नाहीत म्हणून मनातून ती खूश झालेली मला दिसली. पिशवीतल्या साहेबाला घेऊन तडक नर्सबाईंच्या दारात.

"गादीवर घेत नाही ना त्याला? फरशीवर झोपवता माझ्या लेकराला!"

"मी?" बाई चकित. "अहो, तुम्ही एवढं बोललात, त्या दिवसापासून मी त्याला आत घेतलंच नाही. रात्री दार खरवडायचा, मी कानांवर उशी घ्यायची. म्हटलं, घेतलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

"मग तो झोपत कुठे होता?" मावशीनं पिशवी खाली ठेवली.

साहेब पिशवीतून उतरला. दोघींकडे बघितलंही नाही. दोन दारांच्या मधल्या गार फरशीवर गेला आणि अंग मुडपून पडला.