एकही पांढरा केस नको

धाकट्याने कुत्र्यांच्या जातींचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्याला पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जायलाही माझा हात लागत होता. धाकटा म्हणजे माझा भाऊ. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला. इंदूरच्या डॉक्टरांनी मला केबिनबाहेर बोलावून सांगितलं, "मॅडम, अब घर ले जाइए. जो खाने का मन हो, खिलाइए." मी सरकारी कन्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. विचारावं लागलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

उज्जैनला परतताना इंदूर मागे पडल्यावर तो डोळे मिटूनच म्हणाला, "ताई, आता तरी कुत्रा आणायचा ना?"

हा त्याचा शाळेपासूनचा हट्ट. आईचं सोवळं इतकं कडक की रेल्वे क्वार्टरच्या दिवसांत बाबाही तिच्यापुढे गप्प बसत. नैवेद्यात कुत्र्याचा केस सापडला तर मी माहेरी निघून जाईन, असं तिने एकदा बजावलं होतं. माहेर नागपूरला, आणि तिथे कुणी उरलेलं नव्हतं, तरी धमकी लागू पडली. पुढे बाबा गेले, नानाखेड्याला स्वतःचं घर झालं, धाकटा बँकेत चिकटला, त्याचं लग्न काही जुळलं नाही, माझंही नाही. कुत्र्याचा विषय मात्र बंद तो बंदच राहिला होता.

म्हणून आईच जेव्हा म्हणाली, "घेऊन या कुत्रं," तेव्हा आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"पण काळं पाहिजे. एकदम काळं. पंडितजींनी पत्रिका बघून सांगितलंय, एकही पांढरा केस नको."

कारण तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. उज्जैनमध्ये ते विचारावं लागत नाही. कुत्रं हे भैरवबाबाचं वाहन, आणि काळं कुत्रं घरातल्या माणसावर आलेलं स्वतःवर घेतं, हे इथे रिक्षावाल्यापासून रिटायर्ड इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारच्या काकूंनी तर भोपाळच्या त्यांच्या मावसदिराचं उदाहरणही देऊन टाकलं. त्यांचा कुत्रा मेला आणि ते उठून बसले.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर ओरडले. म्हटलं, त्याच्या पोटातल्या पेशींना कुत्र्याचा रंग दिसत नाही. आई पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुझ्या डॉक्टरांजवळ काय उपाय आहे, ते सांगून दे. मी तो करते."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडी त्याच्या हातातून काढून घ्यायची तर बदल्यात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. मी तव्यावरची पोळी उलटली.

धाकटा आडवा पडून फोनवर जाती बघत होता. बीगल भुंकतो फार, कॉलनीत भांडणं होतील. हस्कीला माळव्याच्या मे महिन्यात ठेवणं म्हणजे पाप. पग घोरतो, आणि घोरायला ताई आहेच. जर्मन शेफर्डला रोज पळवायला लागतं, तेव्हा ते रद्द. शेवटी त्याने लॅब्रॅडॉर ठरवला. मी सहज विचारलं, हाच का? तो म्हणाला, "शांत असतो. माणसांच्या पायाशी पडून राहतो. आणि ताई, दहा-बारा वर्षं जगतो. तू रिटायर होशील तोवर राहील. आई तर आहेच."

मी उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे पुन्हा एकदा पिळत उभी राहिले. आई त्याच्यासाठी कुत्रा आणत होती आणि तो आमच्यासाठी. ही गोष्ट मी दोघांपैकी कुणालाच सांगितली नाही.

टावर चौकामागच्या गल्लीत एक दुकान होतं, तिथे गेलो. धाकटा हट्टाने आला. दुकानदाराने त्याला खुर्ची दिली आणि चार पिल्लं फरशीवर सोडली. त्यातलं एक थेट त्याच्याकडे आलं आणि चपलेवर बसलं. तेही काळंच, पण छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. धाकट्याचा चेहरा इतका उजळला की कितीतरी दिवसांत मी तसा पाहिला नव्हता. "हेच," तो म्हणाला.

"पांढरं आहे ते," आई म्हणाली.

"अरे माताजी, जरा-सा है. बड़ा होगा तो छुप जाएगा," दुकानदार म्हणाला. आई ऐकते थोडीच. जन्मात कुत्र्याला हात न लावलेली बाई फरशीवर बसली, आणि वांगी निवडावीत तसं एकेक पिल्लू उचलून पोटाखाली, पंजांच्या बोटांमध्ये, कानांच्या आत बघू लागली. कोपऱ्यात एक झोपाळू पिल्लू होतं. त्याच्या अंगावर तिला काही सापडलं नाही. तिने ते छातीशी धरलं. धाकट्याने वाद घातला नाही. बाहेर आल्यावर त्याने एकदा मागे वळून काचेतून पाहिलं, एवढंच.

पिल्लू घरात आलं ते सोवळ्याची परीक्षा घेतच. पहिल्या दिवशी देवघराच्या उंबऱ्यावर मुतलं. आईने फडकं आणून पुसलं आणि "नासमझ आहे" एवढंच म्हणाली. खोक्यात ठेवलं की रडायचं, बाहेर काढलं की पडद्याला लोंबकळायचं, वर्तमानपत्र पसरलं की ते फाडून त्याच्या शेजारी कार्यक्रम उरकायचं. हळूहळू त्याने स्वतःच जागा शोधली, धाकट्याच्या पलंगाखाली, त्याचा खाली लोंबणारा हात तोंडाला लागेल अशी. नाव मात्र धाकट्याने ठेवू दिलं नाही. "मोठा होऊ दे, बघून ठेवू. त्याला शोभायला पाहिजे."

रोज संध्याकाळी आई मोहरीचं तेल लावलेली पोळी धाकट्यावरून उतरवून पिल्लाला घालायची. तेलाचे थेंब त्याच्या कपाळावर पडायचे. "आई, भीक नको पण कुत्रं आवर," तो म्हणायचा आणि हसायचा. हसताना त्याला दुखायचं. मी आईला सांगून थकले की एवढ्याशा पिल्लाला असलं तेलकट खाणं चालत नाही. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग पिल्लू आजारी पडलं. सकाळी उलट्या, दुपारपर्यंत रक्ताची हगवण. पलंगाखालून बाहेर येईना. मला कळलं हे काय असणार. दुकानदाराने लस झालीय म्हणून सांगितलं होतं, ते खोटं असणार हेही कळलं. मी गाडीची किल्ली घेतली. आई दारात उभी होती. ती रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी बराच वेळ नाव देऊ शकले नाही, कारण आमच्या घरात ते फार दिवसांत कुणाच्याच तोंडावर दिसलं नव्हतं. आशा होती ती.

"राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "करू दे त्याला त्याचं काम."

मला तिचा राग आला पाहिजे होता. आला नाही. मीच पेशींच्या आकृत्या फळ्यावर काढणारी, पण त्या क्षणी माझ्याही हातातली किल्ली तशीच राहिली. एका कुत्र्याच्या बदल्यात भाऊ मिळत असेल, तर कोण नाही म्हणेल? आम्ही दोघी दारात तशाच उभ्या राहिलो.

आतून धाकट्याने हाक मारली. कसा कोण जाणे, तो पलंगाखाली वाकला होता आणि पिल्लाला ओढून त्याने मांडीवर घेतलं होतं. चादर, पायजमा सगळं भरलेलं.

"ताई, दवाखान्यात ने."

"अरे बाळा, तो तुझ्यासाठी..." आई म्हणाली.

"मला माहीत आहे कशासाठी ते," तो म्हणाला. "मी तर जाणारच आहे, आई. एक तरी राहू दे घरात."

हे शब्द तोवर आमच्या घरात कुणीच उच्चारले नव्हते. आई भिंतीला टेकून खाली बसली. मी पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून निघाले.

जनावरांच्या डॉक्टरांनी पार्व्हो विषाणूचा संसर्ग सांगितला. वाचणं कठीण आहे म्हणाले, सलाइन लावलं. मी रोज शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायची. दुसरीकडे धाकट्याचा रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात सगळं आधीपेक्षा वाईट होतं. त्याच संध्याकाळी पिल्लू पहिल्यांदा मान उचलून पाणी प्यायलं.

मी त्याला घरी आणलं तेव्हा धाकट्याने दोन्ही हात पुढे केले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. त्या दिवसापासून पोळी उतरवणं बंद झालं. पिल्लू तिच्या पायात घोटाळलं तर ती त्याला ओलांडून जायची. मला ती बोलली काहीच नाही. बोलली असती तर मी भांडले असते, आणि भांडण निदान संपतं तरी. पिल्लू रोज थोडं वाढायचं आणि धाकटा रोज थोडा कमी व्हायचा, दोन्ही एकाच खोलीत, आणि आई दारातून दोघांकडे बघायची. तिच्या मनात काय हिशेब चाललाय ते मला कळायचं. तो चुकीचा आहे हे मी तिला पटवू शकले नाही. आज स्वतःलाही पुरतं पटवू शकत नाही.

थंडी सुरू होताना तो गेला. हात पलंगाखाली लोंबत होता आणि पिल्लू तो चाटत होतं. त्यावरूनच मला आधी कळलं, कारण एरवी तो बोटं हलवायचा.

सिद्धवटच्या घाटावर सगळं क्रियाकर्म केलं. तेराव्याला पान वाढताना गुरुजींनी एक घास कुत्र्यासाठी बाजूला काढायला सांगितला आणि म्हणाले, घरात आहेच की. आई म्हणाली, "ह्याला नाही. रस्त्यावरच्याला द्या." मी तो घास बाहेर नेऊन ठेवला.

आता कुत्रा पूर्ण वाढलाय. नाव राहूनच गेलं. कॉलनीतली मुलं त्याला कालू म्हणतात, तेवढ्यावर चाललंय. शांत आहे, माणसांच्या पायाशी पडून राहतो, धाकट्याने वाचून सांगितलं होतं अगदी तसा. मी शाळेतून आले की दारात असतो. मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे, पण त्याला बघितलं की आधी रिकामा पलंगच दिसतो.

मागच्या आठवड्यात त्याने दोन दिवस काही खाल्लं नाही. अंग तापलेलं, डोळे मलूल. मी आईला सांगितलं नाही, उगाच कशाला. शाळेत जायची वेळ झाली म्हणून पर्स शोधत होते, तर आई गाडीची किल्ली घेऊन समोर उभी.

"शाळा राहू दे आज. ह्याला दवाखान्यात ने," ती म्हणाली.

तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"ने लवकर. आता कोणासाठी मरायचंय त्याला?"