आधी घट्ट, मग टिंब

माझी बायको दहावीच्या मराठीत सहा गुणांनी नापास झाली. बाकीचे सगळे विषय सुटले होते, गणितसुद्धा. लग्नाआधी तिची नववी झाली होती. बीडहून संत तुकाराम नगरला येऊन एकवीस वर्षं झाल्यावर तिने बाहेरून बसण्याचा फॉर्म भरला. कारण साधं होतं. भोसरीतल्या ज्या लहान वर्कशॉपमध्ये ती नऊ वर्षं पॅकिंग करत होती, तिथल्या सुपरवायझर बाई गावी परत जाणार होत्या. मालक ती जागा तिला द्यायला तयार होते, पण अट होती की रोजचा रिपोर्ट नीट लिहिता यावा आणि दहावीचा दाखला असावा. पुरवणी परीक्षेच्या निकालापर्यंत जागा ठेवतो, त्यापुढे नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आम्ही उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे जोडलेले भाग तपासतो, त्यामुळे हातात कागद आला की आधी मोजतो. निबंधात एकतीस वाक्यं होती आणि पूर्णविराम चार. पत्र संपलं हे खाली सही दिसली तेव्हा कळलं. मी हे सांगितलं तेव्हा तिला राग आला नाही. तिने प्रत माझ्या हातातून घेतली आणि पेन्सिलीने स्वतः मोजून पाहिलं. वाक्यांचा तिचा आकडा बत्तीस आला आणि तोच बरोबर होता.

माझी दुसरी शिफ्ट असली की सकाळी साडेसात ते आठ सराव, असं ठरलं. रोज दहा वाक्यं, स्वतःच्या मनाची, शेवटी योग्य चिन्ह. पहिल्या दिवशी बारा मिनिटांत वही माझ्यापुढे आली. दहा वाक्यांना टिंबं तेरा, आणि सगळी ओळींच्या शेवटी. तीन ठिकाणी वाक्य अर्ध्यावर असतानाच टिंब पडलं होतं. हा प्रकार मी लगेच ओळखला.

आमच्या लाइनवर बोल्ट घट्ट केला की त्यावर मार्करने पिवळं टिंब द्यायचं असतं. टिंब म्हणजे हा बोल्ट झाला, आता याच्याकडे परत बघायचं कारण नाही. घाईतला ऑपरेटर काय करतो, सगळे बोल्ट आवळून घेतो आणि शेवटी एका दमात टिंबं देत सुटतो. त्यात एखादा सैल बोल्टही पिवळा होतो. हे मी तिला सांगितलं. तिने वही ओढून घेत विचारलं, “तुम्ही खूण जागच्या जागी करता का हो, दर वेळी?”

खोटं बोलणं मला जमत नाही. दर तासाला चेकशीटवर खूण करायची असते आणि शनिवारी मी कधी कधी दोन तासांच्या खुणा एकदम केल्या होत्या. तसं मी सांगितलं. ती फक्त “बरं” म्हणाली आणि तिने नवीन पान काढलं.

त्या दिवसापासून तिने स्वतःची पद्धत बसवली. वाक्य लिहायचं, हलक्या आवाजात वाचायचं, चिन्ह द्यायचं आणि पेन खाली ठेवायचं. पेन ठेवल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. बारा मिनिटांची सव्वीस झाली. मी म्हणालो, पेपरला तीनच तास असतात. त्यावर ती वर न बघता म्हणाली, “आधी घट्ट, मग टिंब. इन्स्पेक्टरसाहेबांनीच सांगितलंय.” आतल्या खोलीत आमची मुलगी हसली. तिसऱ्या आठवड्यात वेळ सोळा मिनिटांवर आली आणि पूर्णविरामाची चूक एकही नाही. मीही शनिवारच्या खुणा वेळच्या वेळी करू लागलो.

फक्त प्रश्नचिन्ह तिच्या हातून उतरत नव्हतं. मालकांना पत्र लिहिण्याचा सराव करताना तिने लिहिलं, माझ्या जागेचं काय ठरलं, आणि पुढे पूर्णविराम दिला. मी बोट ठेवलं. ती म्हणाली, “मालकांना असं तोंडावर विचारायचं?” नऊ वर्षं ती त्या माणसाला फक्त हो म्हणत आली होती. मी बोट तिथेच ठेवलं. तिने वाक्य पुन्हा वाचलं, दोनदा, आणि टिंबाच्या डोक्यावर प्रश्नचिन्हाचा आकडा काढला. पेन मात्र बराच वेळ हातात राहिलं.

पुरवणीत तिला मराठीत अठ्ठावन्न गुण मिळाले. निकाल पाहिल्यावर तिने अर्ज लिहायला घेतला. मी शेजारी बसलो होतो, पण तिने मला काही विचारलं नाही. सहा वाक्यं झाली, सहा वेळा पेन खाली ठेवलं. सातवं होतं: मी नवीन कामावर कधीपासून येऊ? चिन्ह तिने लगेच दिलं.

मालकांनी अर्ज तिच्यासमोरच वाचला आणि सोमवारपासून ये म्हणाले. आता रोज संध्याकाळी ती तिथला रिपोर्ट लिहिते. मी एकदा तिला घ्यायला गेलो होतो. बाकीच्या बाया चपला घालून दारात थांबल्या होत्या, चला म्हणत होत्या, आणि ती शेवटच्या ओळीवर टिंब देऊन पेन टेबलावर ठेवत होती.