बकरीवाला भाग

आमच्या नांदुऱ्यातला गिरणीवाला चालू गिरणी कोणासाठी थांबवत नाही, पण टीव्हीवरच्या त्या जुन्या अंतराळयानाच्या मालिकेवर वाद घालायला थांबवतो. ती मालिका आठवणारी आमच्या गल्लीत आता आम्ही दोघंच. त्यातल्या एका गमतीच्या भागात यानात बकरी शिरते अन् यंत्रमानव तिलाच कप्तान समजून सलाम ठोकतो. मला तो भाग पोरकट वाटायचा, याला तोच सगळ्यांत भारी. माझं दळण आलं की हा पट्टा थांबवायचा, मिशीवरचं पीठ झटकायचा अन् म्हणायचा, "काकू, त्या बकरीनंच तं यान वाचवलं. तुमाले हसाचं वावडं हाये काय?" मग आमची जुंपायची.

एकदा रांगेतल्या मागच्या बाया फार कुरकुरल्या, म्हणून मी म्हटलं, "बरं भाऊ, चांगला होता तो भाग."

तो नुसता "हाव" म्हणाला अन् गिरणी चालूच ठेवली. त्या दिवशी मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आज मी डबा ठेवला, तशी त्यानं गिरणी थांबवली. "काकू, मी लय विचार केला. बकरीचा भाग फालतूच होता."

मी तिथंच पोत्यावर बसले. म्हटलं, "काऊन फालतू? तिनंच तं यान वाचवलं."

त्यानं मिशीवरचं पीठ झटकलं.