आवडाबाईची पाटी

ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरावर पुरुषाने डोक्यावर पाटी घेतली की त्याची अब्रूच जायची म्हणे. त्याने फावड्याने मीठ ओढायचं आणि बांधावर बसून तंबाखू मळायची. पाट्या मिठाच्या राशीपर्यंत वाहायच्या त्या बायकांनी, मग ती पोटुशी असो नाहीतर ओली बाळंतीण. चौथं पोर झालं तेव्हा बारसं आटोपताच नवऱ्याने, राघोने, आवडाबाईला मिठावर धाडलं. पाऊस यायच्या आत मीठ उचलायचं होतं ना. तिथेच तिचं अंग बाहेर आलं, गर्भाची पिशवी खाली उतरली.

मग शहाण्यांना ऊत आला. सुईणीने चिंध्यांचा बोळा कोंबला. भगताने लिंबू उतरवलं. कल्याणच्या वैद्यबुवांनी लांबूनच नाडी धरली आणि चूर्ण दिलं. पिशवी काही नाडीत नव्हती, पण हे त्यांना सांगणार कोण? आवडाबाई तशीच पाट्या वाहत राहिली. पिशवी घासून जखमा झाल्या, लुगडं रक्ताने भिजायला लागलं. चालताना तिला रडू यायचं आणि राघो म्हणायचा, सोंगं करते.

शेवटी खाडीपलीकडची ख्रिस्ती सुईण बर्नाडेट तिला आगगाडीने मुंबईला बायकांच्या इस्पितळात घेऊन गेली. मडम डॉक्टरीणबाईने आधी पिशवी वर धरून ठेवणारं कडं आत बसवून बघितलं, ते टिकेना.

"पिशवी काढावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण नीट ऐक. भूल अंगावर येऊ शकते. रक्त थांबलं नाही, आत पू झाला, तर जीव जाईल. आणि पुन्हा मूल नाही."

मूल नाही, हे ऐकून आवडाबाईला मोकळं वाटलं. भीती मरणाची होती. शेजारच्या खाटेवरची बाई याच कामाला आली होती आणि तापाने गेली, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती हो म्हणाली. तशी वाहून मरण्यापेक्षा हे बरं.

ती वाचली. "सहा महिने जड उचलायचं नाही, आतले टाके तुटतील," असं बजावून तिला घरी धाडलं. राघोने दुसऱ्याच दिवशी तिला मिठागरावर नेऊन भरलेली पाटी पुढ्यात ठेवली.

"उचल. आता पडाला काय रायलाय?"

बांधावरचे बाप्ये फिदीफिदी हसले. एवढी अक्कल पाजळल्यावर राघोलाही मिशीला हात लावावासा वाटला असेल.

आवडाबाईला एवढा संताप आला की तिचा आवाज उलट खाली गेला. "खरं हाय. पडाला पिशवी लागते. तुमाला तं ती जन्मापासून नाय. मंग तुमाला कसला भ्याव? उचला."

पाट्या घेऊन चाललेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. एकेकीने पाटी खाली ठेवली. कुणी हलेना, मीठ तसंच पडून राहिलं. झक मारत राघोने पाटी डोक्यावर घेतली. राशीपर्यंत पोचायच्या आत तो कंबर धरून मटकन खाली बसला.

"पोटात कायतरी उतरल्यागत वाटतंय," तो कण्हला.

"लिंबू उतरवू?" आवडाबाईने विचारलं.