गेरूचे आकडे घातलेले दगड

सोमवारी सकाळी मामा वारले. दुपारी मी धाराशिवहून माकणीला पोचलो.

नोकरीची सगळी वर्षं मामांनी कोकण किनाऱ्यापासून दूर, एका खडकाळ बेटावरच्या दीपगृहात काढली. ते दीपगृह कसं उभं राहिलं हे सांगताना त्यांना जेवणाचं भान नसे. बेटावर धक्का नव्हता, सपाट जागा नव्हती. म्हणून कारागिरांनी सगळा मनोरा आधी किनाऱ्यावर रचून पाहिला... चुन्याशिवाय, खाचेत खाच बसवून. मग दगडांवर आकडे घातले, मनोरा उतरवला आणि होडीतून एकेक दगड नेऊन बेटावर पुन्हा तसाच चढवला.

निवृत्तीनंतर मामांनी गावात तेच आरंभलं. धरणाच्या पाण्यात एक टेकाड बेटासारखं उरलं आहे. सांजेला वारा सुटला की मासे धरणाऱ्यांची होडकी त्याच्या खडकावर आपटतात; नामदेव कोळ्याचा भाऊ तिथंच बुडाला. मामांनी परड्यात पुरुषभर उंचीचा मनोरा रचला, दगडांवर गेरूनं आकडे घातले आणि मनोरा उतरवून दगड ओळीनं मांडून ठेवले. उन्हाळ्यात खडक उघडा पडला की ते तिकडे न्यायचे, असा बेत होता... गाव हसायचं.

"काय आण्णा, माकणीला जहाजं कवा लागणार?"

"तुझं होडकं चुकलं की कळंल तुला," छिन्नी न थांबवता मामा म्हणायचे.

तेराव्याला चावडीसमोर मोठा फलक लागला, 'आमचा दीपस्तंभ हरपला'. मामांचा फोटो, मागे परदेशातलं कुठलं तरी दीपगृह. आणि परड्यात, भाताच्या पातेल्यांखाली, मामांचे दगड. त्यांच्या चुली मांडल्या होत्या. निखाऱ्यांवर पाणी ओतलं, तेव्हा ते तडकताना मी ऐकले.

"बाळू, हे काय केलंस?"

मामांचा मुलगा घाम पुसत म्हणाला, "दगडंच हायती की दादा. पंगती उठवायच्या होत्या. आन् आकडे घातलेले, चुलीला वाटून द्यायला लई सोपं गेलं."

याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. आकडे सगळ्यांना वाचता येत होते. बाप रोज उन्हात बसून काय घडवतोय, हे घरात एकालाही विचारावंसं वाटलं नाही, आणि तेराव्याच्या भाषणांत माइकवर मात्र सगळ्यांचे गळे दाटून आले, याचा मला संताप आहे. नामदेव तेवढा न जेवता उठला. जाताना म्हणाला, "आता दिवा न्हाय लागायचा, व्हय?"

फलक अजून आहे. बेटावर अंधार आहे. दिव्यासाठी मधोमध कोरलेला सगळ्यात वरचा दगड मामांच्या बाजेखाली होता, म्हणून वाचला. तो माझ्या टेबलाशेजारी आहे.