छिन्नीचं पाणी

बाबा गेल्यावर त्यांचं वर्कशॉप माझ्याकडे आलं. आम्ही संगमरवर कोरणाऱ्यांसाठी छिन्न्या बनवतो. छिन्नी तापवून तेलात बुडवायची, म्हणजे तिला पाणी द्यायचं. ते नेमकं कसं, हे बाबांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. आमच्या छिन्नीला मागणी होती ती त्या पाण्यामुळेच.

एक दिवस दुसऱ्या वर्कशॉपचा मालक आमच्या कारागिराशी फाटकाबाहेर बोलताना दिसला. हा कारागीर कुंडम गावाहून बसनं येणारा, बाबांबरोबर वीस वर्षं काम केलेला. मी त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी एक पेटी ठेवली आणि म्हटलं, "भैया, मोबाईल इसमें रख दीजिए." वही कुलपात घातली. तेल तयार करायचं कामही दार लावून मीच करू लागले. आठवड्यानं तो यायचा बंद झाला.

आईनं विचारलं, "काहून गेला तो? तू काही बोललीस का त्याले?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

मग वही समोर ठेवून मी स्वतः पाणी देऊ लागले. छिन्न्यांची टोकं तुटू लागली. मूर्तिकार त्या परत आणून टेबलावर ठेवायचे. मला वाटायचं, त्यानं वहीत खाडाखोड केली असेल, खरी कृती विकली असेल. शेवटी एका सकाळी कुंडमची बस धरली.

तो अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. वाटेत घोकलेलं एकही वाक्य मला बोलता आलं नाही. "छिन्नी टूट रही है," एवढंच म्हटलं.

"बाबूजी की कॉपी ठीक है, दीदी. लोहा बदल गया है. अब जो आता है, वो जल्दी लाल होता है. मैं उसे थोड़ा पहले निकाल लेता था. बाबूजी को बताया था, उन्होंने लिखा नहीं होगा."

"उस आदमी ने क्या पूछा था?"

"यही, कि पानी कैसे देते हैं." त्यानं दांडा ठोकला. "मैंने कहा, दीदी से पूछो."

मी माफी मागितली. पेटी काढून टाकते, असंही म्हटलं. तो लगेच हो म्हणाला नाही. सोमवारी मात्र आला.

आता मी भट्टीपाशी त्याच्या शेजारी बसते. कुठला लाल म्हणजे पुरेसा, ते तो दाखवतो. मला अजून फरक नीट दिसत नाही. मी काढलेल्या काही छिन्न्या तुटतातच. तो साठीला आलाय. त्याची बस उशिरा आली की मी हातातलं काम सोडून घड्याळ बघत राहते.