वायर नसलेले स्पीकर

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी इतकी वर्षं फक्त वाचत आलोय, आणि खरं सांगतो, हसत हसत वाचत आलोय. "मागून कोणीतरी हाक मारली" असं कोणी लिहिलं की मी मनात म्हणायचो, मागच्या भिंतीवर आपटून परत आला असेल आवाज, खोलीला जाड पडदे लावा. तळोज्याला एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट्सचं काम बघतो. प्रेशर, टेंपरेचर, फ्लो... जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच.

आणि शौक म्हणाल तर हायफायचा. करंजाड्याच्या आमच्या टू बीएचकेत हॉलची अख्खी एक भिंत माझ्या स्पीकर्सनी अडवलीय. माझ्या छातीपर्यंत येतील असे दोन लाकडी खांब. बायको, वैशाली, येणाऱ्याजाणाऱ्याला "या माझ्या दोन सवती" अशी ओळख करून द्यायची. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की स्पीकर नीट लावले आणि बरोबर जागी खुर्ची ठेवून डोळे मिटले, तर आवाज स्पीकरमधून येतोय असं वाटतच नाही. गाणारा मधोमध उभा राहतो, तबला जरा डावीकडे, मागे. कोण किती लांब आहे, खोली मोठी की छोटी, सगळं कळतं. या नादात असलेल्या माणसाला तशी ऐकायची सवयच लागते.

ती बरोबर जागची खुर्ची शेवटी शेवटी बाबांची झाली होती.

बाबा रिटायर्ड शिक्षक. आमचं मूळ गाव शिरढोण, तिथे धाकटा भाऊ सुहास राहतो. दोनेक वर्षांपासून बाबांचं विसरणं वाढत गेलं. आधी चष्मा, मग नावं, मग आमचं घर. संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन उभे राहायचे — "मला घरी जायचंय." मी म्हणायचो, बाबा, हेच घर. ते माझ्याकडे असं बघायचे की मी परका माणूस आहे आणि त्यांना उगाच अडवतोय. फक्त त्या खुर्चीत बसवून काहीतरी लावलं की शांत व्हायचे. दोन वेळा घसा खाकरायचे, आणि "हं, चला" म्हणून डोळे मिटायचे. अगदी तसंच, दर वेळी.

ऑक्टोबरमधली गोष्ट. माझा व्हॉल्व्हवाला अॅम्प्लिफायर बिघडला होता म्हणून तो इक्बालभाईंकडे दिला होता. इक्बालभाई पनवेलचेच, जुन्या गावातले. कुवेतला बरीच वर्षं इलेक्ट्रिकलचं काम करून परत आलेले, आणि माझ्याहून दुप्पट वेडे. त्यांच्या घरातले स्पीकर बघून कोणाला वाटावं कपाटं आहेत. तर माझा अॅम्प त्यांच्या टेबलावर उघडून पडला होता. घरात फक्त स्पीकर, आणि वायरी गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे हेच विचारतात.

दुपारी वैशालीचा फोन आला. रडण्यात शब्दच लागेनात. गॅसवाला आला होता, ती सिलेंडर आत घेत होती, तेवढ्यात बाबा बाहेर पडले होते. पायात घरातल्या स्लिपर, अंगात बनियन आणि लेंगा.

कंपनीतून निघून मी घरी येईपर्यंत सोसायटीतली माणसं खाली जमली होती. वॉचमनने बाबांना मेन रोडकडे जाताना पाहिलं होतं, एवढंच. पोलीस स्टेशनला गेलो, फोटो दिला, सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. साहेब चांगले होते, म्हणाले, "असे पेशंट जुन्या घराच्या दिशेने जातात. शिरढोण म्हणालात ना? मग हायवेला बघा." बरोबरच होतं ते. सुहास तिकडून चारपाच मुलं घेऊन निघाला, मी इकडून. गोवा हायवेच्या कडेने प्रत्येक टपरी, प्रत्येक बसस्टॉप, प्रत्येक झाडाखालचा माणूस. "बनियन घातलेले आजोबा बघितले का?" विचारून विचारून माझा घसा बसला. ट्रक अंगावरून जात होते आणि दर ट्रकच्या मागे मला रस्त्यावर काहीतरी पांढरं पडलेलं दिसायचं. जवळ जाऊन बघायचो तर पिशवी.

ऊन उतरायला लागलं तसं माझं डोकं चालेना. बाबांना शुगर. दुपारची गोळी नाही, पोटात काही नाही. पोलिसांना त्यांचं आधार कार्ड हवं होतं म्हणून मी घरी परत आलो. इक्बालभाई स्कूटर लावून माझ्याबरोबरच वर आले. बातमी कळल्याबरोबर हातातलं टाकून निघाले होते. वैशाली हॉलमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. शेजारच्या काकू तिला पाणी देऊन नुकत्याच गेल्या होत्या. मी आतल्या कपाटात कार्ड शोधत होतो.

"अहो..."

तिचा आवाज असा होता की मी ड्रॉवर तसाच टाकून बाहेर आलो.

"अहो, बाबा खोकले."

मी आधी जिन्याकडे धावलो. कोणी नव्हतं. परत आत आलो तर इक्बालभाई हॉलच्या मधोमध उभे होते, एक हात वर केलेला, चेहरा पांढराफटक. वैशाली मोठ्याने रडायला लागली तसे ते म्हणाले, "खामोश, भाभी! खामोश राहा... चाचा बोलतायत."

आणि मग मी ऐकलं.

दोन वेळा घसा खाकरल्याचा आवाज. थोडा वेळ काही नाही. मग, अगदी बारीक, थकलेलं — "हं... चला."

स्पीकरमधून. म्हणजे स्पीकरमधून नाही, तेच तर सांगतोय. दोन स्पीकरच्या मधोमध, पण खाली, जमिनीलगत आणि लांब. गाणं लावलं की गाणारा जसा मधोमध उभा वाटतो, तसंच. मी गुडघ्यावर बसून मागे हात घातला. वायर नाही. टर्मिनल उघडी, त्यावर धूळ. जाळीला बोट लावलं तर आतला पडदा थरथरत होता. बोटाला कळत होतं.

"या अल्ला," इक्बालभाई पुटपुटले. मग माझा खांदा धरून त्यांनी मला त्या खुर्चीत अक्षरशः ढकललं. "बस. डोळे मिट. ऐक, बाकी काय आहे ते ऐक!"

बाकी होतं. पाणी होतं, अगदी जवळ, चुळुक चुळुक करत दगडाला लागणारं. बाबांच्या श्वासाला एक पोकळ घुमारा होता, पाइपात तोंड घालून बोलल्यासारखा. उजवीकडे थांबून थांबून लोखंडावर लोखंड आपटत होतं, ठण्... ठण्... आणि मग वर, खूप वर, उजवीकडून डावीकडे जाणारी मालगाडी. डबे संपेचनात.

इक्बालभाईंनी धावत जाऊन बाल्कनीचं दार उघडलं. बाहेर, खाडीच्या बाजूने, लांबून तीच गाडी जात होती. तीच. आत संपली तेव्हाच बाहेर संपली.

"आत्ताचं आहे हे," ते म्हणाले. "आत्ता, या घडीला." मग परत आत येऊन ऐकलं आणि म्हणाले, "हा ठण् आवाज... ही उघाडी आहे. माझं आजोळ उरणकडचं, मी ओळखतो. बांधाला दार असतं ना, भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून? पाणी ढकलतं तसं ते वाजतं. आणि गाडी डोक्यावरून गेली, म्हणजे खाडीवरच्या रेल्वेच्या पुलाखालची. प्रशांत, भरती चढतेय."

तेवढ्यात सुहासचा फोन. "दादा, कोणीतरी पळस्प्याच्या पुढे बघितलंय म्हणतात बनियनवाल्या म्हाताऱ्याला. तू लगेच ये!"

मंडळी, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. एका बाजूला डोळ्यांनी पाहिलेला माणूस, पोलीस, भाऊ. दुसऱ्या बाजूला वायर नसलेले लाकडी खोके. पुलावर पोचून तिथे कोणी नसलं, आणि इकडे हायवेवर बाबांना काही झालं, तर जन्मभर मी सुहासला काय तोंड दाखवणार होतो? मी म्हटलं, "तू बघ, मी येतो." खोटं बोललो. वैशाली म्हणाली, "जा तुम्ही. मी इथेच ऐकत बसते, काही झालं तर फोन करते." ही तीच बाई जी या स्पीकरवर कपडे वाळत घालायची धमकी द्यायची.

इक्बालभाईंच्या स्कूटरवरून आम्ही खाडीच्या बांधावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. रेल्वेचा पूल समोर, खाली कांदळवन, चिखल आणि त्यात चढत येणारं पाणी. जाळं आवरत असलेला एक माणूस भेटला. त्याला विचारलं.

"नाय ओ," तो म्हणाला, "आमी दुपारपासून हितंच हाय. कोनी म्हातारा नाय आला. आन् फुडं जाऊ नका, भरतीचं पानी चरतंय."

मी परत फिरलो. इक्बालभाईंनी मात्र हात धरून ओढलं. उघाडी पुलाच्या पलीकडे होती. गंजलेलं दार, आणि त्याच्या बाजूलाच एक जुनी सिमेंटची मोरी, वापरात नसलेली, झुडपांनी झाकलेली. फोन वाजला. वैशाली ओरडत होती, "अहो, पाण्याचा आवाज खूप मोठा झालाय, बाबांचा श्वास नीट येत नाहीये!" फोनमध्ये तिच्या मागे बारीक ऐकू आलं — ठण्. आणि माझ्या समोर, त्याच वेळी — ठण्.

मी "बाबा!" म्हणून ओरडत त्या मोरीत शिरलो.

बाबा आत होते. पलीकडच्या तोंडाने शिरले असणार. पाय गाळात रुतलेला, पाणी छातीला लागलेलं, मान एका बाजूला कललेली. तो जाळंवाला माणूसही आमच्या मागे धावत आला होता. तिघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. बांधावर आडवं केलं तेव्हा अंग बर्फासारखं गार. मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. इतक्या जवळून मला आधी जे ऐकूच येईना ते घरी हॉलमध्ये ऐकू आलं होतं.

श्वास होता.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी बाबा जरा शुद्धीवर आले. सुहास, मी, वैशाली, सगळे होतो. बाबा वैशालीकडे बघत म्हणाले, "इक्बालने तुला गप्प का केलं गं? रडू द्यायचं तुला. मी सांगत होतो, पण तुम्ही तिकडे बसून ऐकतच होतात नुसते."

गेल्या वर्षभरात बाबांना इक्बालभाईंचं नाव एकदाही आठवलं नव्हतं. माझंही आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अशा अवस्थेत भ्रम होतो. असेल. पण आमच्या हॉलमधलं वाक्य त्या मोरीतल्या माणसाच्या भ्रमात कसं गेलं, हे मी त्यांना विचारलं नाही.

हायफायच्या ग्रुपवर मी नाव न सांगता विचारून पाहिलं. कोणी म्हणालं रेडिओ पकडला असेल. वायरच नव्हती तर कशाने पकडणार? कोणी म्हणालं ताणामुळे भास. तिघांना एकच भास, आणि त्यात रेल्वेचं टायमिंगही बरोबर? स्पीकर मी उघडून बघितले. चुंबक, कॉइल, कागदाचा पडदा. इक्बालभाई म्हणतात, "ज्याने ऐकवलं त्याला माहीत. तू स्क्रू खोलून काय बघतोस?"

बाबांच्या छातीत जे पाणी गेलं ते पुरतं निघालंच नाही. थंडी संपता संपता ते गेले. घरीच, माझा हात धरून. मी कोण ते शेवटपर्यंत आठवलं नाही, पण हात घट्ट धरला होता.

अॅम्प्लिफायर केव्हाच दुरुस्त होऊन आलाय. इक्बालभाई दर वेळी म्हणतात, "भाई, लाव ना काहीतरी, किती दिवस असं?" मी लावत नाही. वायरी जोडल्याच नाहीत मी. गाणं चालू असताना बाबा खाकरले आणि मला ऐकू नाही आलं तर? हे वेड आहे, कळतं मला. मोजमाप करणारा माणूस आहे मी. पण कामावरून आलो की रोज त्या दोन खांबांसमोर डोळे मिटून बसतो. अजून काहीही आलेलं नाही. लिफ्टचा आवाज येतो, खालची पोरं येतात, कोणाचा तरी कुकर येतो, आणि त्या सगळ्याच्या मागे मी शोधत राहतो.

तुमच्यापैकी कोणाला असं दुसऱ्यांदा ऐकू आलंय का, एवढंच विचारायला आज लिहिलं. खोटं सांगू नका, बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको.

मी बसलो की वैशाली स्वयंपाकघरातून येते, हॉलचा पंखा बंद करते, आणि माझ्या बाजूला जमिनीवर येऊन बसते.